मुलांना व्यक्तिचित्राकडे नीट पाहायला कसे शिकवावे?

प्रश्न (परभणी जिल्ह्यातील शिक्षिका)
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. चित्र दाखवले की मुले "बाई, छान आहे" म्हणतात आणि लगेच पुढचे चित्र मागतात. डच चित्रकार रेम्ब्रांटचे म्हातारपणीचे स्वचित्र मोठे छापून आणले, चित्रकाराची सगळी माहिती सांगितली, तरी त्या चेहऱ्यावर कुणाची नजर मिनिटभरही ठरली नाही. माझे काय चुकले असेल?

उत्तर (लातूर, चित्रकला शिक्षक)
नमस्कार बाई. माहिती आधी सांगून टाकल्यामुळे मुलांना शोधण्यासारखे काही उरले नसावे. मी सावळाराम हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप'पासून सुरुवात करतो. हातात दिवा घेतलेल्या त्या स्त्रीचे नावगाव न सांगता एवढेच विचारतो, की उजेड कुठून येतो आहे? "दिव्यातून" हे उत्तर सोपे असते. पण ज्योत हाताआड असताना बोटे लालसर का दिसतात, असे विचारले की मुले चित्राजवळ सरकतात. मग मोबाइलच्या टॉर्चपुढे प्रत्येकाला स्वतःचा हात धरायला लावतो. हे जलरंगातले चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि अनेकजण ते रविवर्म्याचे समजतात, हे सगळ्यात शेवटी सांगतो. रेम्ब्रांट तर 1669 मध्ये वारला त्या वर्षापर्यंत स्वतःला रंगवत होता, त्याचे तरुणपणीचे चित्र शेजारी लावा आणि दोघेही एकच आहेत हे न सांगता, "हे एकमेकांचे कोण असतील?" असे विचारून पाहा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
सहल अजिंठ्याला नेणार असाल, तर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रापुढे मुलांना घाई करू देऊ नका. ते काटेकोर अर्थाने व्यक्तिचित्र नाही, तरी चेहरा वाचायला शिकण्यासाठी आपल्या भागात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. आतल्या मंद उजेडाला डोळे सरावू द्यावेत आणि मगच खाली झुकलेली नजर, कललेली मान व कमळ धरलेली बोटे यांविषयी विचारावे. शक्य असेल तर मुलांना तशीच मान कलती करून उभे राहायला सांगा. शरीराचा भार कुठे जातो, हे त्यांना लगेच कळते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
दोघांचेही मनापासून आभार. आज रेम्ब्रांटची दोन्ही चित्रे शेजारी लावली. बहुतेकांनी बाप-लेक म्हटले, एक मुलगी मात्र बराच वेळ पाहून म्हणाली, "बाई, नाक एकच आहे." त्यानंतर अर्धा वर्ग फळ्यापाशी उभा होता.