जुन्या बाजारात फ्रेंच सरदार घराण्यातलं पत्र मिळालंय, कोणी वाचायला मदत करेल का?

लिऑनचा_अभ्या:
नमस्कार मंडळी. रविवारी इथल्या जुन्या बाजारात १२ युरोला एक पत्र घेतलं, विकणारा म्हणाला एका मार्कीजच्या घरातलं आहे, खरंखोटं देव जाणे. मला फ्रेंच बऱ्यापैकी येतं पण हे अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखं. तारखेत आधी ८ चा आकडा, त्याला चिकटून बारीक "ब्र" आणि पुढे १७६६, म्हणजे ऑगस्ट ना? पत्त्यावर मधोमध मोठा ९ खरडलाय, तो घर नंबर आहे का? आणि शेवटी तीन ओळी कोणीतरी पार गिरवून खोडल्यात, मला तर प्रेमप्रकरणाचा वास येतोय 😄

मोडीवाली_मावशी:
ऑगस्ट नाही रे, ऑक्टोबर. लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ, म्हणून तसं लिहायचे, ७ घातला की सप्टेंबर, ९ की नोव्हेंबर. मी पण आधी फसलेय. शब्दाच्या मधला एस बघ, एफसारखा उंच दिसेल. आणि "होतो", "होता" अशा रूपांत आता ए-आय लिहितात तिथे ओ-आय असेल, ती चूक नाही, फ्रेंच अकादमीने (भाषेचे नियम ठरवणारी संस्था) १८३५ च्या कोशात ते बदललं. रोज तेच पान अर्धा तास मोठ्याने वाच, मोडी मी अशीच शिकले, चौथ्या दिवशी अक्षर बोलायला लागतं.

टपाल_वेडा:
तो ९ म्हणजे टपालखर्च, ९ सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं). पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे, पाठवणाऱ्याने नाही, फ्रान्सचं पहिलं तिकीट आलं १ जानेवारी १८४९ ला. पाकीट पण नसायचं, कागदच दुमडून लाखेने बंद करायचे, त्यामुळे उघडताना फाटलेला तुकडा कडेला दिसेल. लाखेवर घराण्याचं चिन्ह शिल्लक असेल तर आधी त्याचा फोटो काढ, घराणं ओळखायला त्याचा उपयोग जास्त. नावातल्या "द" वर जाऊ नकोस, "द" असलेले सगळेच सरदार नव्हते. आणि सुरुवातीच्या "मस्यू" (महाशय) नंतर मजकुरापर्यंत किती जागा सोडलीय बघ, समोरचा जितका मोठा तितकी जागा जास्त.

पुराभिलेख_पुणे:
खोडलेल्यावरून आठवलं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत आणि स्वीडिश सरदार फर्सन यांची १७९१-९२ ची पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यातही अशाच ओळी गिरवल्या होत्या. संशोधकांनी क्ष-किरण लावून दोन्ही शाईंतलं तांबं आणि जस्ताचं प्रमाण वेगळं काढलं, १५ पैकी ८ पत्रांतलं खालचं वाचता आलं, २०२१ मध्ये छापून आलं. खोडणारा कोण, तर खुद्द फर्सन! त्यामुळे तुझ्या पत्रातही घरच्याच कोणाचा हात असेल. सतराव्या शतकातली प्रसिद्ध पत्रलेखिका मादाम द सेव्हिन्ये, तिचंही तसंच, तिची लेकीला लिहिलेली पत्रं घरच्यांनी १७३० च्या दशकात छापायला दिली ती संपादकाने भरपूर घासूनपुसून, आणि लेकीची उत्तरं तर नष्टच झाली. मग १८७३ मध्ये दिजोंच्या एका प्राध्यापकाला जुन्या वस्तूंच्या दुकानात पत्रांची जुनी हस्तलिखित नक्कल सापडली तेव्हा कळलं किती फरक केलाय ते. म्हणून १२ युरोच्या कागदाला हसू नये.

एक विनंती, सेलोटेप लावू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात नको. ही शाई म्हणजे मायफळ (हो, बाळगुटीतलंच) आणि हिराकस, दमट हवेत ती कागद खाते.

लिऑनचा_अभ्या:
सगळ्यांचे खूप आभार! लाख गेलीय, नुसता लाल डाग उरलाय. क्ष-किरण कुठून आणू, पण वरची शाई जरा फिकी आहे म्हणून मागून मोबाईलचा टॉर्च धरला तर शेवटच्या ओळीत "३०० लिव्र" (तेव्हाचं फ्रेंच चलन) आणि पुढे "पुन्हा" एवढं लागलं. म्हणजे उधारी 😅 मी आपला दोन दिवस प्रेमपत्र समजून बसलोय.

मोडीवाली_मावशी:
अरे पेशवाईतली पण निम्मी पत्रं अशीच. पुढची ओळ लागली की टाक इथे.