स्मार्ट थर्मोस्टॅट कोकणातल्या घरातल्या एसीला चालेल का?

खाडीपलीकडे
जाणकारांचा सल्ला हवाय. घर रत्नागिरीजवळ, चिऱ्याचं, वर कौलं आणि खाली पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग. हॉलमध्ये दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे, आईबाबांच्या खोलीत एक टनाचा जुना साधा. अमेरिकेतल्या भावाने भिंतीवर बसवायचा स्मार्ट थर्मोस्टॅट पाठवलाय. तो इथे जोडता येईल का? नसेल तर काय घ्यावं? आईबाबा फोनवरून एसी लावणार नाहीत, त्यांना रिमोटच हवा. शिवाय पावसाळ्यात त्या खोलीला कुबट वास येतो, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते. त्यावर याचा काही उपयोग? लाइट किती वेळा जाते ते सांगायला नकोच.

व्होल्टेजवाला
तो खोक्यातच राहू द्या. तिकडे घरभर एकच यंत्रणा असते आणि तिच्यापासून भिंतीपर्यंत २४ व्होल्टच्या बारीक वायरी आलेल्या असतात. थर्मोस्टॅट त्या फक्त जोडतो-तोडतो. आपल्या स्प्लिट एसीत हे काम आतल्या युनिटचं सर्किटच करतं, बाहेर तशी वायर येतच नाही. कोणी वायरमन ‘करून देतो’ म्हणाला आणि २३० व्होल्ट जोडले, तर थर्मोस्टॅट तिथेच जळेल.

तुम्हाला हवा आहे इन्फ्रारेड एसी कंट्रोलर. म्हणजे वायफायवर चालणारा रिमोटच: फोनचा आदेश वायफायवरून घेतो आणि साध्या रिमोटसारखा न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांनी एसीला देतो. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालतो. घेताना त्यात तापमान आणि आर्द्रता दोन्हींचा सेन्सर आहे ना ते बघा. स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये नुसता रिमोट असतो, मग त्याला ‘स्मार्ट’ म्हणण्यात अर्थ नाही.

एक ताकीद: स्मार्ट प्लगने (फोनवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगने) एसीचा पुरवठा तोडून एसी बंद करू नका. बंद होतानाची त्याची ठरलेली क्रिया अर्धवट राहते, आणि दीड टनाचा भार सतत ओढून हलक्या प्लगचे संपर्क वितळतात.

चिरेबंदी
बसवण्याबद्दल. बहुतेक कंट्रोलर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडले जातात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने असतील तर जोडणी अडते. जोडण्यापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा. चिऱ्याच्या दोन भिंती मध्ये आल्या की सिग्नल ढेपाळतो, तेव्हा जिथे लावणार तिथे फोनवर रेंज बघूनच जागा ठरवा.

एसी समोर थेट दिसला पाहिजे. इन्फ्रारेड भिंतीआड जात नाही. कंट्रोलर सिग्नल सोडतो का हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघता येतं, दिवा जांभळट चमकतो. उंची जमिनीपासून चारेक फूट, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी. एसीच्या थेट झोतात, टीव्हीमागे किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नको. एसीचा स्वतःचा सेन्सर सात-आठ फुटांवर, वरच्या गरम हवेत असतो. त्यामुळे रिमोटवर २६ आणि ॲपमध्ये २४ दिसलं तर काही बिघडलेलं नाही.

आर्द्रतेचा सेन्सर मात्र तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन थेंब-थेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. झाकण आणि कंट्रोलर एका पारदर्शक हवाबंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. बिनवायरचा वेगळा सेन्सर असेल तर सोपं, नाहीतर पॉवर बँक आत ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. ६९ आला तर ॲपमध्ये ६ वाढवा.

व्होल्टेजवाला
आईबाबांच्या रिमोटचा मुद्दा. इन्फ्रारेड एकतर्फी असतं, एसी उलट काही कळवत नाही. बाबांनी हाताने एसी बंद केला तरी ॲप ‘चालू’च दाखवेल. काही कंट्रोलर मूळ रिमोटचा सिग्नलही ऐकतात, तसाच घ्या आणि रिमोट जिथून दाबतात तिथून दिसेल असा ठेवा. बऱ्याच एसींच्या रिमोटमधून एका दाबात पूर्ण स्थिती जाते (चालू, कूल, २६, पंखा मध्यम), त्यामुळे तोच आदेश दोनदा गेला तरी बिघडत नाही. काही जुन्या मॉडेलमध्ये चालू-बंदला एकच बटण असतं. तिथे ॲपने केलेला ‘बंद’ म्हणजे चक्क चालू होऊ शकतो. जुन्या एक टनावर आधी हेच तपासा.

ॲपमधले नियम दोन्ही एसींना वेगळे. साध्या एसीला चालू-बंद चालेल, पण २७ ला चालू आणि २५.५ ला बंद असा फरक ठेवा, आणि बंद झाल्यावर किमान ३ मिनिटं पुन्हा लावू नका. आतल्या वायूचा दाब उतरायच्या आत सुरू केला की कॉम्प्रेसर अडकतो. इन्व्हर्टर एसीला चालू-बंदचा नियम लावूच नका. तो मंद फिरून वीज वाचवतो, त्याला फक्त आकडा बदलून द्या: रात्री दहाला २५, दोनला २७, सहाला बंद. सोबत छताचा पंखा.

लाइट जाण्यावर: राउटर आणि कंट्रोलर दोन्ही छोट्या डीसी यूपीएसवर ठेवा, १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही देणारा मिळतो. एसीत ऑटो रीस्टार्ट नसेल तर लाइट आल्यावर तो बंदच राहतो. त्यासाठी ‘खोली २८ च्या वर गेली तर आदेश पुन्हा पाठव’ असा नियम करा. ॲपमधल्या युनिटच्या आकड्यावर विसंबू नका. कंट्रोलर करंट मोजत नाही, नुसता अंदाज बांधतो.

खारा वारा
मूळ दुखणं गारव्याचं नाही, दमटपणाचं आहे. जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो) २५ च्या वर. खोली २२ वर आणून दार उघडं टाकलं तर काच, भिंत, कपाटाची पाठ सगळ्यांना घाम फुटणार. उलट एसी २७ वर ठेवला तर कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही, पंखा मात्र चालू राहतो आणि एसीतल्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी वाफ होऊन परत खोलीत येतं.

म्हणून पावसाळ्यात तापमानाचे नियम बंद करून आर्द्रतेचा एकच लावा: ६५ च्या वर गेली की ड्राय मोड (एसीचा दमटपणा काढणारा मोड), ५८ ला बंद, आणि खोली २४ च्या खाली गेली तरी बंद. दारं-खिडक्या लावलेल्या हव्यात. फॉल्स सीलिंगच्या कडांना फटी असतील तर कौलांतून दमट हवा उतरत राहते, तिथे सिलिकॉन भरा. नाहीतर एसी दिवसभर चालेल नि आकडा ७० च्या खाली येणार नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

झडीच्या दिवसांत बाहेरच २५ असतं, तेव्हा ड्राय मोडने नुसती थंडी वाजते. तिथे वेगळा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लागतो, आणि त्याची टाकी रोज ओतायची तयारी हवी.

खाडीपलीकडे
मनापासून आभार. जुन्या एसीच्या रिमोटला चालू-बंद एकच बटण आहे, स्क्रीनही नाही. मग?

व्होल्टेजवाला
मग त्या खोलीत ‘बंद’चा आदेश ठेवूच नका. नियमाने फक्त तापमान वर-खाली करा, बंद बाबाच करतील. त्या रिमोटला स्क्रीन नाही म्हणजे तापमानाची बटणंही एकेक पायरीचीच असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर सध्याचा आकडा कंट्रोलरला कळणारच नाही, मग त्या खोलीत कंट्रोलरवर पैसे घालू नका, सुटा आर्द्रतामापक भिंतीला लावा.