पुतण्या गोल्फर आहे, सलग पाच वेळा कट हुकला. घरच्यांनी करायचं काय?

ऊसवाले_तात्या (कोरेगाव, सातारा)

नमस्कार मंडळी. एरवी मी शेतीच्या धाग्यांवर हुमणी आणि तांबेऱ्यावर असतो, खेळाच्या दालनात पहिल्यांदाच लिहितोय. सांभाळून घ्या.

आमच्या घरात कुस्ती होती, कबड्डी होती. गोल्फ कुठून आला ते सांगतो. धाकटा भाऊ पुण्यात एका गोल्फ क्लबवर माळी आहे, हिरवळ कापायचं मशीन चालवतो. त्याचं पोरगं तिथंच वाढलं. आधी चेंडू गोळा करायचं, मग कॅडी झालं, म्हणजे खेळाडूंची बॅग उचलायला लागलं, मग कुणीतरी जुन्या काठ्या दिल्या. आता चोवीस वर्षांचा आहे आणि देशातल्या टूरवर प्रोफेशनल म्हणून खेळतो.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत सातवा आला. गावातल्या पोरांनी स्टँडवर दहा बाय आठचा फ्लेक्स लावला, ‘तालुक्याचा वाघ’. छापणाऱ्यानं फोटो उलटा छापला, त्यामुळे आमचा वाघ डावखुरा दिसतो. तेव्हापासून मी दुकानात खताचं पोतं उचलत असलो तरी येणारा जाणारा विचारतो, “काय तात्या, कप कधी?”

या हंगामात सलग पाच स्पर्धांत त्याचा कट हुकला. म्हणजे चार दिवसांची स्पर्धा, दोन दिवसांनी घरी. पैसे शून्य. जाणं-येणं, हॉटेल, कॅडी, प्रवेश फी धरून एका आठवड्याला चाळीस-पन्नास हजार जातात. भावाच्या पगारात ते बसत नाही म्हणून मी उसाच्या बिलातून देतो. देण्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या वेळी शेवटच्या होलवर त्याला तीन पट (भोकाजवळून चेंडू आत ढकलायचे फटके) लागले आणि एका फटक्यानं गेला. मी दुकानात मोबाईलवर स्कोअर बघत होतो. संध्याकाळी फोन केला तर म्हणाला, “तात्या, हात माझे नव्हतेच.” मी म्हटलं, असं कसं, रोज सहा तास सराव करतोस. त्यानं फोन ठेवला.

तर प्रश्न असा, की फॉर्म गेला म्हणजे नक्की जातं तरी काय? पोरगं तेच, काठ्या त्याच, सराव दुप्पट. आणि आम्ही बोलावं का गप्प बसावं?

वस्ताद_सांगली

राग मानू नका तात्या, पण लाड जास्त झालेत. आमच्या तालमीत मैदानात चितपट झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आखाड्यात असतं. हात माझे नव्हते म्हणे! मग कुणाचे होते? कुस्तीत समोर नव्वद किलोचा गडी अंगावर येतो. गोल्फचा चेंडू तर बिचारा जागेवर उभा असतो.

जुना_बॅगवाला (कराड)

वस्ताद, चेंडू जागेवर उभा असतो हीच तर खरी पंचाईत आहे. अंगावर गडी आला की डोकं आपोआप बंद होतं, अंग काम करतं. गोल्फमध्ये एका फेरीत सत्तर-बहात्तर फटके, एकेक फटका दीड-दोन सेकंदांचा. म्हणजे साडेचार तासांत खरं खेळणं दोन-अडीच मिनिटांचं. बाकी सगळा वेळ माणूस चालतो आणि विचार करतो. मी अकरा वर्षं पुण्यात बॅग उचलली आहे, गुडघे गेल्यावर गावी आलो. पोरं कुठं मोडतात ते जवळून बघितलंय.

तात्या, आधी एक सांगा. पाच वेळा कट हुकला, तो किती किती फटक्यांनी? त्यावर बरंच अवलंबून आहे.

तोवर ‘हात माझे नव्हते’ याबद्दल लिहितो. रोरी मॅकिलरॉय हे नाव ऐकलं असेल. २०२४ च्या यूएस ओपनला, पाइनहर्स्टवर, शेवटच्या दिवशी तो पुढे होता. त्या हंगामात तीन फुटांच्या आतले ४९६ पट मारले होते आणि ४९६ च्या ४९६ आत गेले होते. सोळाव्या होलवर अडीच फुटांचा चुकला. अठराव्यावर चार फुटांहून कमी अंतराचा चुकला. एका फटक्यानं हरला, डिशॅम्बो जिंकला. आता सांगा, ४९६ पट मारणारे हात कुणाचे होते आणि ते दोन मारणारे कुणाचे?

आणि सराव दुप्पट म्हणालात म्हणून इयन बेकर-फिंचचं सांगतो. १९९१ ची ब्रिटिश ओपन जिंकलेला माणूस. सरावाला उभा राहिला की चेंडू सरळ, स्पर्धेत पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, गेला की कुठंही. १९९७ च्या ओपनला पहिल्या फेरीत ९२ मारले आणि निघून गेला. आमच्या क्लबवरचे हौशी डॉक्टर त्याहून कमी मारायचे. सराव कमी पडला म्हणून तसं झालं नव्हतं. सराव वाढवून ते सुधारलंही नाही.

दडपण आलेलं मला आधी कानाला कळायचं. चांगला चाललेला खेळाडू यार्डेज, म्हणजे पुढचं अंतर, एकदा विचारतो. दडपणातला दोनदा विचारतो, मी सांगितलेलं त्याच्या कानात शिरलेलंच नसतं. मग तो हातमोजा काढतो, घालतो, परत काढतो. पटला उभा राहिला की अंगठ्याच्या नखाकडे बघायचं. नख पांढरं पडलं की समजायचं, काठी आवळलीय, आता चेंडू उजवीकडे जाणार. मी तेवढ्यात मुद्दाम बॅगेची चेन वाजवायचो, म्हणजे तो वैतागून माझ्याकडे बघायचा आणि हात ढिले पडायचे. नियमात बसतं का माहीत नाही, पण कितीतरी पट वाचवलेत.

धनुर्धराची_आई (सातारा शहर)

गोल्फमधलं मला काही कळत नाही, पण तात्यांच्या पुतण्याचं वाक्य वाचून पोटात कालवलं. माझी मुलगी कंपाउंड धनुर्विद्या करते. गेल्या वर्षी ती हेच म्हणाली होती, “आई, बोट ऐकतच नाही.”

तिरंदाजीत याला टार्गेट पॅनिक म्हणतात. निशाण पिवळ्यावर, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या गोलावर, यायच्या आधीच बाण सुटतो, नाहीतर निशाण पिवळ्यावर नेताच येत नाही, खालीच अडकतं. डोळे नीट, ताकद नीट. लक्ष्य दिसलं की मात्र हात बिथरतो.

आमच्याकडे त्याला आणखी एक कारण झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, सतरा वर्षांची पोर. अख्ख्या जिल्ह्याला आनंद झाला, आम्हालाही. पण त्यानंतर लग्नात, बारशात जो तो माझ्या मुलीला बघून म्हणायचा, “ही आमची पुढची अदिती.” प्रेमानंच म्हणायचे. काही महिन्यांनी ती समारंभांना येईनाशी झाली.

कोचनी काय केलं, तर लक्ष्याचा कागदच काढून टाकला. पाच मीटरवर कोरं बट, म्हणजे बाण रुतायचा नुसता फळा, त्यावर नुसतं मारत राहायचं. गुण नाहीत, पिवळा नाही. अडीच महिने. मला वाटायचं फी पाण्यात चाललीय. अजून पूर्ण गेलेलं नाही, पण बाण वेळेवर सुटतो.

वस्ताद, तुमच्या पहाटे चारनं हे बरं झालं नसतं हो.

वस्ताद_सांगली

ताई, मान्य. आमच्यातही एक-दोन पोरं अशी गेली. सरावात कुणालाही उचलायची आणि मैदानात हलगी वाजली की पाय जड. आम्ही त्यांना भित्री म्हणून सोडून दिलं. आता वाटतंय, घाई केली.

ऊसवाले_तात्या

बॅगवाले भाऊ, सगळे स्कोअर काढून बघितले. पाच वेळा हुकलेला कट असा : एका फटक्यानं, दोन, एक, चार, एक.

जुना_बॅगवाला (कराड)

मग फॉर्म गेला कोण म्हणतं? दोन दिवसांत साधारण एकशेचाळीस फटके होतात. त्यातला एक कमी पडला असता तर तीन वेळा पोरगं आत होतं. चारवाली स्पर्धा सोडा, ती वाईट गेली. सव्वाशेएक जण उतरतात आणि दोन दिवसांनी जेमतेम पन्नासेक पुढे जातात. म्हणजे दर आठवड्याला निम्म्याहून जास्त प्रोफेशनल पोरं रिकाम्या हातानं बस पकडतात. या खेळात हरणं हाच रोजचा भाकरतुकडा आहे. आपला अनिर्बान लाहिरी बघा, जन्मानं पुण्याचाच. २०२२ ला फ्लोरिडात प्लेयर्स चॅम्पियनशिप एका फटक्यानं गेली, दुसरा आला. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर इतकी वर्षं काढली, एकही स्पर्धा जिंकला नाही, आणि तरी तो देशातल्या मोठ्या गोल्फरांत मोजला जातो.

अमेरिकेत पोप आणि श्वाइट्झर या दोन प्राध्यापकांनी टूरवरचे पंचवीस लाखांहून जास्त पट तपासले होते. सारख्याच अंतराचा पट, पण पारसाठी (होलला ठरलेल्या फटक्यांत संपवायला) असला की जास्त वेळा आत जातो आणि बर्डीसाठी (त्याहून एक फटका कमी) असला की कमी. अंतर तेच, गवत तेच. पार चुकला म्हणजे हातातलं गेलं आणि बर्डी चुकली म्हणजे नुसतं मिळालं नाही, असा हिशेब डोक्यात चालू असतो. टायगर वुड्सही त्यातून सुटला नव्हता. म्हणून आता जरा खाजगी विचारतो, हवं तर उत्तर देऊ नका. तुम्ही पैसे कसे देता? एकदम, का आठवड्याच्या आठवड्याला?

ऊसवाले_तात्या

आठवड्याच्या आठवड्याला. तो मागत नाही, मीच फोन करून विचारतो की पुढची स्पर्धा कुठं, किती लागतील. कारखान्याचा हप्ता उशिरा आला तर तेही सांगतो, म्हणजे त्याला अंदाज राहावा म्हणून.

तुमचं वाचून मोबाईलमधली यादी काढली. मागच्या स्पर्धेच्या आठवड्यात मी त्याला अकरा फोन केलेत. त्यातला एक पहिल्या फेरीनंतर, “आज दोन फटके कुठं गेले रे” असं विचारायला. आणि एक, आता लिहायला लाज वाटते, दुसऱ्या दिवशी सकाळी खेळायला जायच्या आधी. हप्ता अजून जमा झाला नाही, पण तू काळजी करू नको, हे सांगायला.

जुना_बॅगवाला (कराड)

मग तात्या, तो तीन फुटांच्या पटावर उभा राहतो तेव्हा त्याला चेंडू दिसत नसणार. तुमचा ऊस दिसत असणार.

वाईट वाटून घेऊ नका, मी श्रीमंतांच्या पोरांच्याही बॅगा उचलल्यात, त्यांना बाप दिसायचा. माझं ऐकाल तर दर आठवड्याला पाठवणं बंद करा. एकदा समोरासमोर बसा, तुम्ही, भाऊ आणि पोरगं. वर्षात किती स्पर्धा, एकूण किती रक्कम, कुठल्या तारखेपर्यंत, ते ठरवा. रक्कम त्याच्या खात्यात टाका आणि विसरा, बी-बियाण्याला घातली असं समजा. तारीख आली की पुन्हा बसा. तेव्हा कोचिंगला लागायचं, कॅडी व्हायचं का अजून एक वर्ष द्यायचं, ते बोला. तोवर दर पटावर तोच निर्णय पुन्हा पुन्हा नको.

आणि खरा हात थरथरत असेल, सरावातही, तर ते वेगळं. त्याला यिप्स म्हणतात. बर्नहार्ड लँगरला होते, त्यानं काठी धरायची पद्धत पुन्हा पुन्हा बदलली आणि मास्टर्स दोनदा जिंकली, १९८५ आणि १९९३ ला. त्यासाठी कोच लागतो, तुम्ही-आम्ही नाही. फोनवर विचारू नका, भावाला बघायला सांगा. तो तिथंच असतो.

धनुर्धराची_आई (सातारा शहर)

फोन अजिबात बंद नका करू पण. आमच्याकडे मी एकदम गप्प झाले तर मुलीला वाटलं मी रागावलेय. नंतर ठरवलं, स्पर्धेच्या दिवशी फक्त जेवणाचं विचारायचं.

ऊसवाले_तात्या

चार दिवसांनी लिहितोय, मधे भरणी चालू होती.

परवा तिघं बसलो. पोरगं आधी काही बोलेना. रक्कम आणि तारीख ठरली, पुढच्या मार्चअखेरपर्यंतची. मग निघताना दारात म्हणाला, “तात्या, हप्त्याचं मला आधी सांगत जाऊ नका, एवढंच.” त्याला हे कधीपासून सांगायचं होतं कुणास ठाऊक. भाऊ म्हणतो सरावात हात ठीक आहे.

परत गेल्यावर मी एकच फोन केला. जेवलास का विचारलं. म्हणाला, जेवलो, वांग्याची भाजी होती. मग दोघांनाही पुढं काय बोलावं कळेना. चाळीस सेकंदांत फोन संपला.

स्टँडवरचा फ्लेक्स उतरवलाय. पोरांना सांगितलं, वाऱ्यानं फाटायला लागलाय. कडब्याच्या गंजीवर टाकलाय, छापील बाजू खाली करून.

जुना_बॅगवाला (कराड)

छापील बाजू वर ठेवा हो. यात्रेला आला की डावखुरा वाघ बघून हसेल तरी.