जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना व्हिडिओ अडकत अडकत येतोय, काय करू?

जुनी_फीत
नमस्कार मंडळी, घरातल्या व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं काम काढलंय. व्हीसीआर टीव्हीला लावला की चित्र व्यवस्थित दिसतं, पण तोच यूएसबी कॅप्चर डोंगलमधून लॅपटॉपला जोडून ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं की व्हिडिओ सरळ चालतच नाही. सगळीकडे बारीक बारीक हिसके आहेत, कॅमेरा आडवा फिरतो तिथे तर बघवत नाही, आणि शिवाय मधेच कुठेतरी चित्र क्षणभर थिजतं पण आवाज पुढे चालू राहतो. लॅपटॉप जुना आहे पण अगदीच टाकाऊ नाही, फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर सेव्ह होते. नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल का, की डोंगलच खराब आहे? आजोबांचा आवाज असलेली ही एकच कॅसेट आहे, ती सारखी सारखी चालवायची भीती वाटते.

फ्रेम_मोजणारा
आधी काहीही विकत घेऊ नका. आणि आजोबांची कॅसेट बाजूला ठेवा, सगळे प्रयोग दुसऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करा.
तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दोन वेगळ्या भानगडी दिसतायत. सगळीकडे एकसारखे बारीक हिसके असतील तर ते बहुतेक एफपीएसचं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्याचं, काम आहे. तुमची कॅसेट पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची, असेल तर त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि ओबीएस बाय डीफॉल्ट ३० वर रेकॉर्ड करतं, मग वरच्या ५ फ्रेम आणायच्या कुठून, तर ते आहे तीच फ्रेम परत छापतं. तपासायला सोपं आहे, फाईल व्हीएलसीमध्ये उघडा, हलणाऱ्या सीनवर पॉझ करा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. दर पाच फ्रेम हलल्या की सहावी जागच्या जागी राहते असं दिसलं तर हेच कारण. सेटिंगमध्ये एफपीएस २५ करा, नवीन लॅपटॉप आणूनही हा प्रकार जाणार नव्हता.
मधेच थिजतं त्याचं वेगळं बघावं लागेल. तोच पाचेक मिनिटांचा भाग दोनदा रेकॉर्ड करा. दोन्ही वेळा त्याच जागी थिजलं तर फीत किंवा व्हीसीआर, दर वेळी वेगळ्या जागी थिजलं तर कॉम्प्युटर.

केबलवाला_काका
वरच्यांचं बरोबर आहे. कॉम्प्युटरची बाजू निघाली तर सगळ्यात आधी यूएसबी बघा. डोंगल आणि बाहेरची डिस्क एकाच हबवर असतील तर दोघांची ओढाताण होते. ७२० बाय ५७६ चं पाल चित्र अनकॉम्प्रेस्ड घेतलं तर सेकंदाला जवळपास २१ एमबी येतात, म्हणजे तासाला ७५ जीबीच्या आसपास, आणि डोंगल यूएसबी २ चं असेल तर तेवढा डेटा सलग वाहत राहायला हवा, त्यात मधे कोणी घुसलं की फ्रेम गेलीच. डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, फाईल आतल्या डिस्कवर घ्या आणि नंतर सावकाश बाहेर कॉपी करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सस्पेंड बंद करा. वायफाय, अँटीव्हायरसचं स्कॅन, ब्राउझर, सगळं तेवढ्यापुरतं बंद.
आणि जमलं तर ओबीएसऐवजी व्हर्च्युअलडबने कॅप्चर करून बघा, त्यात किती फ्रेम गळल्या आणि किती मधे घातल्या याचे आकडे समोरच दिसतात, अंदाज करत बसावं लागत नाही. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, हफवाययूव्ही ठेवा, फाईल साधारण निम्म्यावर येते आणि क्वालिटी तसूभरही जात नाही.

जुनी_फीत
खूप खूप आभार दोघांचे! अगदी दर सहावी फ्रेम तीच होती. एफपीएस २५ केल्यावर बारीक हिसके पूर्ण गेले, विश्वास बसत नव्हता. डिस्क आणि डोंगल वेगळे केले, व्हर्च्युअलडबपण टाकलं. आता थिजणं उरलंय, आणि ते दोन्ही वेळा त्याच जागी, जिथे एक रेकॉर्डिंग संपून दुसरं सुरू होतं तिथे आणि पुढचा थोडा वेळ. तिथे चित्राची वरची कड एका बाजूला वाकते. पण टीव्हीवर हाच भाग थिजत नाही, मग दोष फितीचा कसा?

फ्रेम_मोजणारा
टीव्ही सहन करतो, डोंगल करत नाही. जुनी फीत ताणलेली असते, प्रत्येक ओळ ठरल्या वेळेपेक्षा किंचित मागेपुढे येते. जुना टीव्ही त्या डळमळीत सिग्नलमागे कसाबसा जातो, पण डोंगलमधली चिप सिंक (ओळी-फ्रेमचा ताल) हरवली की ती फ्रेम सोडूनच देते. वरची कड वाकते ती त्याचीच खूण. याला उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी म्हणतात, तो ओळी वेळेवर लावून पुढे पाठवतो. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये तो आतच असतो, मेनूत बघा. नसेल तर कोणाकडे जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडलाय का विचारा, व्हीसीआर त्याच्या इनपुटला आणि त्याचं आउटपुट डोंगलला. रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा. सगळ्याच मॉडेलला जमत नाही, पण जमलं तर थिजणं बरंच कमी होतं. व्हीसीआरच्या मेनूत ब्लू स्क्रीन असेल तर तीही बंद करा, सिग्नल जरा पडला की ती आख्खं चित्र निळं करून टाकते.

केबलवाला_काका
यात भर घालतो. आजोबांची कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून टॉर्च मारून फितीची कड बघा. पांढरट पावडरीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, अजिबात चालवू नका, हेडही खराब होईल आणि पुढच्या कॅसेटनाही लागेल. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, फीत सैल झाली असेल तर सारखी बसते.

जुनी_फीत
कड स्वच्छ आहे, आत्ताच बघितलं. ओळखीत एकांकडे डीव्हीडी रेकॉर्डर आहे, मागून आणतो. एकच विचारायचं राहिलं, हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, त्या कॅप्चर करतानाच घालवू का?

फ्रेम_मोजणारा
नको. ते इंटरलेस आहे, फितीवर प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत असते, सेकंदाला ५० फील्ड. कॅप्चर आहे तसंच ठेवा, साइजही ७२० बाय ५७६ च, मोठी करू नका. घरच्यांना पाठवायची कॉपी वेगळी काढा आणि तिच्यात डीइंटरलेस करून (प्रत्येक अर्ध्या भागाची पूर्ण फ्रेम करून) ५० एफपीएस ठेवा, हालचाल एकदम मऊ दिसते. ती कॉपी मागेपुढे थरथरली तर फील्ड ऑर्डर (कुठला अर्धा भाग आधी) उलटी लागलीय, ती बदला. मूळ फाईल मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि आजोबांची कॅसेट झाल्यावर व्हर्च्युअलडबचे आकडे इथे टाका, बघू काय म्हणतायत.