अनुभव धागा: साथीच्या काळात रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे संसर्गापासून संरक्षण

२०२० साली कोविडच्या साथीत मुंबईतील रुग्णालयांमध्ये काम केलेले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार अशा सर्वांनी, संरक्षणासाठी नेमके काय उपयोगी पडले आणि काय अपुरे ठरले, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

परिचारिका, परळ
पीपीई किट घालण्यापेक्षा काढणे अधिक जोखमीचे असते. ड्यूटी संपताना माणूस घामाने भिजलेला आणि तहानेने व्याकूळ असतो, त्यामुळे घाई होते आणि किटची बाहेरची बाजू नेमकी तेव्हाच हाताला किंवा गळ्याला लागते. म्हणून आमच्या मेट्रननी किट काढण्याच्या खोलीत आरसा लावून घेतला आणि कोणीही एकटीने किट काढायचे नाही, असा दंडक घातला. समोर उभी असलेली सिस्टर एकेक पायरी सांगत असे: आधी हातमोजे, मग आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवलेला गाऊन, प्रत्येक टप्प्यानंतर हातांना सॅनिटायझर, आणि एन-९५ मास्क सर्वांत शेवटी, तोही मागच्या पट्ट्या धरून. हात चुकून मास्कच्या पुढच्या भागाकडे गेला, की "ताई, हात!" असा आवाज येई. त्या दोन शब्दांचे मोल मी कधीच विसरणार नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गोरेगाव
घशातील स्वॅब काचेच्या केबिनमधून घेण्याची सोय झाल्यावर रुग्णाचा खोकला थेट अंगावर येणे थांबले.

निवासी डॉक्टर, शीव
एन-९५ किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, म्हणून आमच्यापैकी अनेकांनी दाढी काढली. तरीही सहकारी आजारी पडले, आणि माझ्या मते त्याचे कारण वॉर्ड नव्हे, तर बिनखिडकीची ड्यूटी रूम होती, जिथे आम्ही मास्क उतरवून एकत्र जेवत होतो. पुढे आम्ही उघड्या व्हरांड्यात, अंतर ठेवून, पाळीपाळीने जेवू लागलो.

सफाई कामगार, भांडुप
कोविड वॉर्डातील कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आम्ही बांधत होतो. पण सुरुवातीला किट डॉक्टरांना आणि आम्हा कंत्राटी कामगारांना साधा कापडी मास्क, अशी वाटणी होती. युनियनने पाठपुरावा केल्यावर जाड रबरी हातमोजे, गमबूट आणि एन-९५ मिळाले. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पहिल्या गटात आमचीही नावे होती. यापुढे किटच्या साठ्याची मागणी नोंदवताना कंत्राटी कामगारांची संख्याही पहिल्या दिवसापासून त्यात धरली जावी.