जुन्या लॅपटॉपसाठी रॅम : डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांपैकी कोणती घ्यावी?

केंद्रचालक, दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका गावी मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्रातील लॅपटॉप २०१५ सालचा असून त्यात इंटेलचा कोअर आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी) आणि ६४ बिटचे विंडोज १० आहे. खरिपाच्या पीक विम्याचे अर्ज सुरू झाले की पोर्टलचे पान, सातबारा, पासबुकाचे स्कॅन असे सारे एकाच वेळी उघडे ठेवावे लागते. अशा वेळी लॅपटॉप इतका मंदावतो की अर्ज भरता भरता सत्राची मुदत संपते आणि सर्व माहिती पुन्हा टाकावी लागते. पेरणी-डवरणीचे दिवस सोडून आलेले शेतकरी बाकावर ताटकळत बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमधील मेमरी, डिस्क यांचा वापर दाखवणारी खिडकी) रॅम बसवण्याच्या दोन खोबणींपैकी, म्हणजे स्लॉटपैकी, एकच वापरात असल्याचे दिसते. जवळच्या दुकानात ‘डीडीआर३, १६००’ (रॅमचा प्रकार आणि वेग) एवढेच सांगून ८ जीबीची रॅम दाखवण्यात आली आणि डीडीआर३ सर्व सारख्याच असतात असे सांगण्यात आले. ती घ्यावी का? नागपूरला सीताबर्डीवर जायचे तर केंद्र दिवसभर बंद ठेवावे लागते, म्हणून आधीच नीट समजून घ्यावे असे वाटते.

सुटे भाग व दुरुस्ती, वर्धा

भाऊ, ती रॅम लेबल पाहिल्याशिवाय घेऊ नका. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन्ही लॅपटॉप रॅमना २०४ पिना असतात व खाचही एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची रॅमसुद्धा स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. फरक विद्युतदाबाचा आहे. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, तर डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. तुमच्या प्रोसेसरसाठी इंटेलने डीडीआर३एल, १३३३ किंवा १६०० असेच नमूद केले आहे. अशा लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची रॅम टाकली तर बहुधा पडदा काळाच राहतो किंवा मधूनच लॅपटॉप अडकतो. उलट, डीडीआर३एल रॅम १.५ व्होल्टवरही चालू शकते, म्हणून ती सहसा त्याहून जुन्या लॅपटॉपलाही चालते.

लॅपटॉपच्या मागचे झाकण उघडून सध्याच्या रॅमवरील लेबल वाचा. त्यावर ‘पीसी३एल-१२८००एस’ असे काही छापलेले असेल. त्यातील ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज. १२८०० हा आकडा १६०० ला ८ ने गुणून आलेला आहे, म्हणजे सेकंदाला १२,८०० एमबी इतका वेग. आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपच्या लहान आकाराची रॅम. दुकानातील रॅमवर नुसते ‘पीसी३’ असेल आणि १.३५ व्होल्टचा उल्लेख कुठेच नसेल, तर ती परत द्या. डीडीआर४ चा प्रश्न इथे येतच नाही, कारण तिला २६० पिना असतात आणि खाचेची जागा वेगळी असल्याने ती या स्लॉटमध्ये बसणारच नाही.

संगणक शिक्षक, चिखली

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ४ आणि ८ जीबीची जोडी चालेल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच, तर ती चालते. इंटेलच्या अशा प्रोसेसरमध्ये दोन्ही रॅममधील ४-४ जीबी मेमरी दुहेरी मार्गाने, म्हणजे एकाच वेळी दोन्हींकडून, वापरली जाते आणि उरलेली ४ जीबी एकेरी मार्गाने. वेग मात्र दोन्हींपैकी मंद रॅमप्रमाणे ठरतो, म्हणून जुनी १६०० ची असेल तर नवीही १६०० चीच घ्यावी. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १६ जीबी आहे, पण तुमच्या कामाला १२ जीबी भरपूर होईल.

तथापि पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहा. लॅपटॉप मंदावलेला असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर आहे, की मेमरीत जागा असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे? दुसरी स्थिती असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी २.५ इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. माझ्या मते त्याने रॅमपेक्षा अधिक फरक पडेल. दोन्ही भरलेल्या दिसल्या तर मेमरी कमी पडल्याने विंडोज डिस्कवर भार टाकत असते, आणि तिथे रॅमच आधी घ्यावी.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि पाचव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. तुमच्या हाती लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात, तेव्हा या लॅपटॉपवर मोजकाच खर्च करून पुढे नव्या लॅपटॉपची तजवीज करावी, असे मी कळकळीने सुचवतो.

केंद्रचालक, दारव्हा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. झाकण उघडून पाहिले. जुन्या रॅमवर ‘४ जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस’ असे आहे. अर्ज भरताना मेमरी ९४ टक्के होती आणि डिस्कही सतत चालू होती. दुकानातील रॅमवर ‘एल’ नाही, त्यामुळे ती घेतली नाही. आता नागपूरच्या विक्रेत्याकडून डीडीआर३एल कुरिअरने मागवत आहे. ती बसवताना काय काळजी घ्यावी?

सुटे भाग व दुरुस्ती, वर्धा

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढा, मग पॉवरचे बटन काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. आपल्याकडे हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज लवकर साचते, म्हणून आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा आणि रॅम कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. ती तिरपी धरून, पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून अडकल्या पाहिजेत. पहिल्यांदा सुरू होताना थोडा वेळ लागला तर घाबरू नका. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) १२ जीबी दिसल्यावर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, मात्र चार्जर लावून आणि वीज जाण्याची शक्यता कमी असेल अशा दिवशी. एकही त्रुटी दिसली तर जुनी रॅम काढून फक्त नव्या रॅमवर चाचणी पुन्हा घ्या, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे मागवण्यापूर्वीच विचारून बिलावर लिहून घ्या.