निकालानंतर मुद्देमाल नष्ट का करायचा?

चारपुतळा_कट्टेकरी:
निकालपत्राच्या शेवटी एक ठरीव ओळ असते: अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा. रक्ताचे कपडे, केस, स्वॅब, सगळं. माझं म्हणणं, जन्मठेपेचा किंवा फाशीचा कैदी आत आहे तोवर ते जपा आणि डीएनए तपासणी मागायचा हक्क त्याला द्या. अमेरिकेत कर्क ब्लड्सवर्थला १९८५ साली नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी फाशी सुनावली होती. त्याला तिथं पाहिल्याचं पाच साक्षीदारांनी सांगितलं होतं. फेरखटल्यातही जन्मठेपच झाली. १९९३ मध्ये मुलीच्या कपड्यावरच्या डागाची तपासणी झाली आणि तो सुटला. ते कपडे जाळले असते तर? आपण सोलापुरात दर १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे यांना इंग्रजांनी १९३१ मध्ये फासावर चढवलं. दिलेली फाशी मागे घेता येत नाही, हे सोलापूरकराला कुणी शिकवायला नको.

निवृत्त_जमादार:
साहेब, मालखाना, म्हणजे पोलिसांची मुद्देमाल ठेवायची खोली, बघितलीय का कधी? मी जिथं होतो तिथं पावसाळ्यात छत गळायचं, गाठोड्यांना बुरशी यायची. वीस वर्षांनी त्यातनं काय निघणार? आणि दिल्लीच्या छावला प्रकरणात, एका मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या, डीएनए जुळला असूनही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीचे तिघं सोडले. त्या मुलीच्या आईबापानं कुठं जायचं?

चारपुतळा_कट्टेकरी:
जमादारसाहेब, तिथं नमुने मालखान्यात पडून होते, फेरफार झाला नाही याची खात्री देता येईना, म्हणून कोर्टानं अहवाल धरला नाही. मग नमुने नीट ठेवायलाच हवेत की ओ! आणि आईबापाचं म्हणाल, तर ब्लड्सवर्थ प्रकरणात खरा गुन्हेगार २००३ मध्ये त्याच डीएनएवरून सापडला. ब्लड्सवर्थ निर्दोष होता हे कळलं नसतं, तर त्या खऱ्या गुन्हेगाराला कोण शोधणार होतं?

सेटलमेंटचा_पोरगा:
दोघांशीही मी सहमत नाही. डीएनए दुसरी पायरी झाली. पहिली पायरी म्हणजे उचलतात कुणाला? जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, सुप्रीम कोर्टापर्यंत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंच त्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. साक्षीदारानं आधी फोटोवरून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांना कुणी हात लावला नाही. माझे आजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबायच्या तारेच्या कुंपणात वाढले. १९५२ मध्ये कायद्यानं आम्हाला मोकळं केलं, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी आमच्याच गल्लीत येते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत घरातला कमावता माणूस गेलेला असतो.

काळा_कोट:
तुमचा मुद्दा मान्य, तरी नमुना हवाच. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, कुणाकडून कुणाकडे गेला याचं रजिस्टर ठेवा. पण शिक्षा कायम झाल्यावर पुढं काय? म्हणून अपील दाखल करतानाच मुद्देमाल राखून ठेवण्याचा अर्ज द्या. मी देतो.

निवृत्त_जमादार:
अर्ज द्या वकीलसाहेब. सोबत मालखान्यासाठी एक फ्रीज आणि फक्त तेच काम बघणारा एक माणूसही मागा. तेवढं मिळालं तर माझा विरोध नाही.